शून्याच्या खालचं फूल

"दोन किलो उतरलं!" तोयनाथ महाराजांचा चेला सीताराम ओरडला आणि चिंचपोकळीचा तो हॉल टाळ्यांनी दुमदुमला. साठी उलटलेली, गुडघ्यांनी गांजलेली माणसं माना उंचावून वजनकाट्याकडे बघत होती. आधी वजन करायचं, मग मंतरलेलं तांब्याभर पाणी प्यायचं. तेवढ्यात सीताराम काट्याला हळदकुंकू वाही, तबकडीच्या शून्यावर फूल ठेवी आणि सगळे डोळे मिटत. पुन्हा काट्यावर चढलं की वजन कमी!

"चरबी म्हणजे साठलेलं पाप," महाराज सांगत होते. "पाप कशानं धुतात? पाण्यानं! रोज घरी आठ तांबे. वजन परत वाढलं, तर दोष पाण्याचा नाही, तुमच्या जिभेचा."

आनंदा भिंतीला टेकून उभा होता. खिशातली कापलेली जोडवी बोटांना टोचत होती.

गेल्या वर्षी इथेच तो बायकोच्या, सुनंदाच्या शेजारी उभा होता. तिचं हृदय कमजोर. डॉक्टरीणबाईंनी पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं. पण काटा दर गुरुवारी उतरायचा, म्हणून ती तांब्यांवर तांबे पीत राहिली. पाय इतके सुजले की जोडवी पकडीनं कापावी लागली. तरी आनंदा म्हणाला, "काटा कशाला खोटं बोलेल?" गिरणीत त्यानं वर्षानुवर्षं कापसाच्या गाठी तोलल्या होत्या. आधी शून्य बघायचं, मग गाठ ठेवायची. इथे मात्र पूजा सुरू झाली आणि दसऱ्याला यंत्रांपुढे मिटायचा तसे त्यानं डोळे मिटले.

महिन्याभरात सुनंदा गेली. पण सकाळी चाळीत नळाला पाणी आलं की मोरीत तांब्या वाजल्याचा भास होई. तो उठून बघे. तांब्या पालथाच असे.

आज शेजारच्या लक्ष्मीवहिनी काट्यावर चढल्या. चपला हातात होत्या, सुजलेल्या पायांत त्या जातच नव्हत्या.

"बहात्तर!" सीताराम म्हणाला आणि त्या उतरताच तांब्या त्यांच्या हाती देऊन पूजेला वाकला. सगळ्यांनी डोळे मिटले. आनंदानं मिटले नाहीत.

"वहिनी, पिऊ नका."

"गप रवा भावोजी, मंत्र चालू आसा!"

त्यानं पिशवीतून भाजीवाल्याकडून मागून आणलेलं पाच किलोचं लोखंडी माप काढलं आणि काट्यावर ठेवलं.

"वाचा रे कुणीतरी."

"तीन," पुढची बाई म्हणाली. "माप तर पाचाचं आहे!"

"म्हणजे लोखंडाचंही दोन किलो उतरलं. यानं तर थेंबही प्यायला नाही!"

कुणीतरी खुदकन हसलं. आनंदानं माप उचललं, फूल बाजूला केलं. काटा शून्याच्या खाली दोन घरं होता. काट्याच्या कडेला शून्य जुळवायची चकती. तिच्यावर ताजं कुंकू, आणि तेच सीतारामच्या अंगठ्यावर.

"तुझ्या अविश्वासानं काटा बिघडला!" महाराज गरजले.

"काटा आपणहून बिघडत नाही महाराज. आणि एक सांगा, तांब्याभर पाणी पोटात गेल्यावर वजन वाढायला हवं, उतरेल कसं?"

लक्ष्मीवहिनींनी आपल्या पायांकडे बघितलं. "सुनंदाचे पण असेच झाले होते ना?"

आनंदानं जोडवी पुढे धरली. वहिनींनी तांब्या खाली ठेवला.

"चला भावोजी, दवाखान्यात."

पाणी वैरी नाही. म्हातारपणी तहान कळत नाही, म्हणून आठवणीनं प्यावं. पण हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर किती, ते डॉक्टरलाच विचारावं. पाय सुजले, चार दिवसांत वजन चढलं, तर महाराज नको, दवाखाना गाठावा. आणि जिथे डोळे मिटायला सांगतात, तिथे ते नक्की उघडे ठेवावेत.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. मोरीत तांब्या वाजला. सगळं ठाऊक असूनही आनंदा उठून बघायला गेला.