पान एकशे बारा, गिरणीचा माळा

कडक्!

बाळाचा नुकताच डोळा लागला होता. मी श्वाससुद्धा बेताने घेत होते, आणि पलीकडच्या खोलीतून तो आवाज आला. कप फुटल्याचा नव्हे, खुर्ची पडल्याचा नव्हे. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. डिंकाने बांधलेलं जाड पुस्तक वर्षानुवर्षं मिटून पडलेलं असावं आणि कोणीतरी ते एकदम सपाट उघडावं, की त्याचा कणा असा बोलतो.

बाळाने झोपेतच हवेचे दोन घोट घेतले आणि परत गप्प झालं. मी पाय न वाजवता उठले.

भिंगरी जमिनीवर पालथी पडली होती. माझी थोरली, वय वर्षं सात. एका जागी ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणतात. टीव्हीच्या पडद्यावर व्हिडिओ गेममधली कंदील घेतलेली मुलगी जागच्या जागी डुलत थांबली होती, खेळायचा रिमोट बाजूला पडला होता, आणि भिंगरीचं बोट पुस्तकातल्या एका ओळीवर हळूहळू सरकत होतं.

"वि-हि-री-च्या... मागे... द-ग-ड... ढकला."

मी दारातच थिजले. त्याचं कारण असं, की महिन्यापूर्वी शाळेच्या बाईंनी मला थांबवून सांगितलं होतं, "वाचनात मागे पडतेय हो. घरी रोज दोन पानं वाचून घ्या." तेव्हापासून आम्ही सशाच्या गोष्टी आणल्या, हत्तीच्या आणल्या, मोठ्या अक्षरांच्या आणल्या. भिंगरी आधी पानं मोजायची, मग उसासा टाकायची, मग तिला तहान लागायची. जोडाक्षर आलं की पोटात दुखायचं. आणि आज कोणी न सांगता, पोट न दुखता, ती 'ढकला' वाचून मोकळी झाली होती.

दगड ढकलला. खाली जिना निघाला. "आई! खरंच आहे!" ती कुजबुजत ओरडली. बाळ झोपलेलं असताना ओरडण्याची ही कला तिने सहा महिन्यांत शिकून घेतली आहे.

ते पुस्तक 'कंदीलवाली'चं तिसरं गाइड होतं. 'कंदीलवाली' ही व्हिडिओ गेमची मालिका. एक मुलगी गावोगावी फिरून विझलेले दिवे लावते, एवढीच गोष्ट, पण पाच भाग निघाले, आणि प्रत्येक भागाबरोबर एक जाड छापील गाइड. कुठली किल्ली कुठे, कुठल्या भिंतीमागे वाट, सगळं नकाशांसकट. त्या पाचही पुस्तकांतले नकाशे मी काढलेले. लग्नाच्या आधीपासून हीच नोकरी. माझी आई म्हणायची, "गाइड वाचून पास होणारी पोरं पाहिली, गाइड वाचून खेळणारी बाई आताच ऐकतेय. शेजारणीला काय सांगू, मुलगी भुतांच्या बंगल्यांचे नकाशे काढते?" पुढे लोक व्हिडिओ बघून खेळायला लागले, गाइडं छापायची बंद झाली, आणि आईचा प्रश्न आपोआप सुटला. माझ्या वाटणीला पाच पुस्तकं आली, ती कपाटाच्या वरच्या खणात जाऊन बसली. खेळाचं जुनं मशीन भिंगरीच्या बाबांनी मागच्या रविवारी झटकून-पुसून सुरू केलं, तेव्हा पाचांपैकी तिसरी डिस्क तेवढी चालली. म्हणून तिसरं गाइड.

"आई, अधिकृत म्हणजे काय?" मुखपृष्ठावरच्या सोनेरी शिक्क्यावर बोट ठेवून तिने विचारलं.

"म्हणजे खेळ ज्यांनी बनवला त्यांनीच सांगितलं, की हे बरोबर आहे."

"म्हणजे यात खोटं काहीच नाही?"

बाळ रडलं म्हणून मी वाचले.

संध्याकाळपर्यंत नुसती पानं उलटत तिने शेवटचं पानही गाठलं होतं. तिथे मुंगीएवढ्या अक्षरांत, कामं केलेल्यांच्या यादीत, सहावं नाव माझं. तिने ते बोटाने वाचलं, परत वाचलं, आणि बाबा दारातून आत येतात न येतात तोच त्यांच्यापुढे पुस्तक धरलं. "आई पुस्तकात आहे. बघा. छापलीय."

"अरे वा. मग आता आईला अधिकृत म्हणायचं," बाबा म्हणाले. "अधिकृत, चहा आहे का?"

मी हसले, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. विहीर पान बेचाळीसवर. गिरणी एकशे बारावर. आणि गिरणीचं ते पान खोटं आहे, हे घरात फक्त मला माहीत होतं.

खोटं कसं, ते सांगते. गाइड खेळाबरोबरच दुकानात यायला हवं, म्हणून ते खेळ पुरा व्हायच्या आधीच लिहावं लागे. खेळ बनवणाऱ्यांकडे आम्हाला एक बिनखिडकीची खोली मिळे. फोन दारातल्या पेटीत टाकायचे, कागद बाहेर न्यायचा नाही. अर्धवट खेळात माणसांना कधी चेहरे नसत, कधी कंदीलवाली चालता चालता जमिनीतून खाली पडे. उस्ताद खेळायचा आणि मजकूर लिहायचा, मी शेजारी चौकटीच्या कागदावर पावलं मोजत नकाशा काढायची. उस्ताद म्हणजे आमच्यातला वडीलधारा, पन्नाशीचा, रिमोट हातात आला की दहा वर्षांचा.

तिसऱ्या भागाच्या वेळी माझे दिवस भरत नव्हते, सुरू झाले होते. दुसरा महिना, भिंगरीच्या वेळचा. अजून कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या कोंदट खोलीत मला दिवसभर मळमळायचं, आणि एक दिवस उस्ताद गिरणीचा जिना चढून माळ्यावर गेला. तिथे एक म्हातारी विणत बसली होती. तिच्यापुढे कंदील धरला की ती मान वर करून म्हणायची, "आलीस का? बस जरा." आणि लोकरीचा एक गुंडा द्यायची. त्या गुंड्याचा खेळात काडीचाही उपयोग नव्हता. पण त्या आठवड्यात मला 'बस जरा' म्हणणारी ती एकटीच होती. मी उस्तादला म्हणायची, "परत एकदा माळ्यावर जा ना, खिडकी कुठे येते ते बघायचंय." तो चार-पाचदा गेला. खिडकीचं नाव होतं फक्त. नकाशात मी म्हातारी तांदळाच्या दाण्याएवढी काढली, पण अंबाड्यासकट.

पुस्तक छापून खोक्यांत भरल्यावर निरोप आला. गिरणीच्या जिन्यात खेळणाऱ्यांचे पाय अडकत होते, दुरुस्तीला वेळ नव्हता, म्हणून तो भाग काढलाय. आमचे साहेब म्हणाले, "पोरं दोन दिवस शोधतील आणि विसरतील." पोरं विसरली नाहीत. पत्रं आली. वहीच्या कागदावर, मागे माझाच नकाशा हाताने उतरवून. साहेबांनी एकच उत्तर छापून घेतलं: 'पुन्हा एकदा नीट शोधा.' ते पाकिटांत घालून पाकिटं चिकटवली ती मी. सातवा महिना होता, बसून करायचं काम म्हणून माझ्याकडे आलं होतं.

आणि आता भिंगरी रोज दहा-बारा पानं पुढे सरकत होती. साठ. एकोणऐंशी. छप्पन्न दिव्यांपैकी तीस लागले. 'प्रवेशद्वार' तिने न अडखळता वाचलं, 'उत्तरेकडील' वाचलं, एकदा तर बाळाच्या पावडरच्या डब्यावरची सूचना वाचून दाखवली आणि वर म्हणाली, "हे सोपं होतं." इतर कुठल्याही आईने आनंदाने उड्या मारल्या असत्या. मी पानं मोजत होते.

"दोन पानं चिकटवून टाक," माझ्याकडून सगळं ऐकून बाबा म्हणाले. "एकशे अकरानंतर एकदम एकशे चौदा. तिला काय कळतंय?"

"तिला सगळं कळतं. शंभरानंतर तुमच्यापेक्षा बरं मोजते."

"मग सांग चुकलंय म्हणून. छापील गोष्ट चुकत नाही का?"

"आयुष्यात पहिल्यांदा एका पुस्तकावर विश्वास बसलाय तिचा. आणि त्यात माझं नाव आहे. आता सांगू, की बाकी सगळं खरं, एवढंच खोटं? मग ती उरलेलं वाचेल?"

यावर ते बाळाच्या दुपट्याची घडी घालायला लागले, म्हणजे त्यांना पटलं. न पटलं तर ते बोलतात.

तरी दुसऱ्या दिवशी, ती शाळेत आणि बाळ झोपेत असताना, मी डिंकाची बाटली घेऊन बसले. एकशे बारावर अंबाड्याची म्हातारी होती तिथेच होती. मी बाटलीचं टोपण लावलं आणि उस्तादला फोन केला. चार वर्षांनी.

"बोल, नकाशेवाली," तो म्हणाला, जणू काल संध्याकाळीच कामावरून आपापल्या घरी गेलो होतो. तो आता गाडी चालवायला शिकवतो. "काम तेच गं. इथे डावीकडे, तिथे उजवीकडे. फक्त पूर्वी लोक ऐकायचे."

मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "म्हातारी काढली नव्हती."

"म्हणजे?"

"काढायला वेळ कुठे होता त्यांना? जिना काढला, दाराच्या जागी भिंत ओढली, झालं. माळा आहे तसाच आहे. मला त्यांच्यातल्याच एकाने नंतर सांगितलं. ती वर बसलीय अजून. तुला सांगितलं नाही, तुझे तेव्हा दिवस भरत आले होते, रडली असतीस."

"मी कशाला रडेन?" मी म्हटलं, आणि बाळ उठलं असं सांगून फोन ठेवला. बाळ झोपलेलं होतं.

भिंगरी त्याच दुपारी गिरणीला पोचली. मी बाळाला मांडीवर घेऊन तिच्यामागे बसले होते. सांगायचं ठरवलं होतं, पण तोवर ती वाचायलाच लागली.

"गिरणीत शिरा. डाव्या हाताला जिना आहे. माळ्यावर म्हातारीला भेटा." एका दमात. एकही अक्षर न सांडता. मग तिने रिमोट उचलला. डाव्या हाताला भिंत होती. तिने कंदील भिंतीपुढे धरला, भिंत ढकलली, बाहेर जाऊन परत आत आली. उजवीकडे पाहिलं. पोती एकेक करून पाहिली.

मग तिने रिमोट खाली ठेवला आणि पुस्तक नाकाजवळ ओढलं.

"गि-र-णी-त," ती म्हणाली. "शि-रा." बोट परत अक्षराअक्षरावर टेकत होतं. आठवड्याभरात सुटलेली ती सवय. "डा-व्या..."

"भिंगरी, काय करतेस?"

"मी नीट वाचलं नाही वाटतं," ती मान वर न करता म्हणाली. "मी चुकीचं वाचते ना. बाई म्हणतात."

पुन्हा एकदा नीट शोधा. ती सगळी पाकिटं माझ्या बोटांना चिकटल्यासारखी झाली. किती पोरांनी अशीच बोटं ठेवून परत वाचलं असेल?

"तू बरोबर वाचलंस," मी म्हटलं. "पहिल्यांदाच बरोबर वाचलंस. पुस्तक चुकलंय."

तिने मान वळवली.

"जिना होता. मी स्वतः पाहिला, मोजला, काढला. अठरा पायऱ्या. मग पुस्तक छापून झाल्यावर त्यांनी तो काढून टाकला, आणि आम्ही ते कोणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मुलांनी पत्रं लिहून विचारलं, तेव्हासुद्धा मी नाही सांगितलं. चूक माझी आहे, तुझी नाही."

मी वाट पाहत होते, की ती पुस्तक मिटेल. तिने पानावरचं बोट तसंच ठेवलं. बाळाने तेवढ्यात माझ्या वेणीचं टोक तोंडात घातलं.

"म्हणजे मी बरोबर वाचलं?"

"अगदी बरोबर."

"जिना पण? माळा पण?"

"माळा पण."

तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते बघून मला वाटलं, आपण सुटलो. ती उठली, दप्तरातून पेन्सिल काढली, आणि एकशे बारा पानावर, माझ्या नकाशाच्या कडेला, जीभ बाहेर काढून तिने लिहिलं: जिना नाही. बरोबर वाचलं तरी नाही. 'बरोबर'मधला शेवटचा र पानाबाहेर जाता जाता वाचला.

"आता दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला कळेल," ती म्हणाली. मग पेन्सिल तिथेच थांबली. अंबाड्यावर. "आणि ही आजी? तिला पण काढून टाकलं?"

मी खोटं बोलू शकले असते. पण उस्तादला एक थाप मारून झाली होती, एका दिवसात दुसरी मला जमली नसती.

"नाही. ती वरच आहे. विणत बसलीय. फक्त तिच्याकडे जाता येत नाही."

भिंगरीने रिमोट घेतला, कंदीलवालीला गिरणीच्या बाहेर आणलं, आणि भिंतीपाशी, जिथे वर माझ्या नकाशात खिडकी होती, बरोबर तिच्या खाली उभं केलं. कंदील वर धरला. पडद्यावर वारा वाहत होता, गिरणीचं चाक फिरत होतं. वर नुसत्या फळ्या.

बाळ मांडीवर पेंगायला लागलं होतं. म्हणून तिने अगदी हळू आवाजात विचारलं,

"आई, जिना काढलाय हे तिला कोणी सांगितलंय का?"