खाटेखालची तवली

माझ्याकडे बघून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुनी मातीची तवली आहे. माझ्या काठाचा टवका उडाला आहे, पोटात काळा डाग पडला आहे आणि अजूनही आत पाणी ओतलं की जुना वास वर येतो. तो वास माकुलाचा. माकूल म्हणजे समुद्रातला एक मऊ, बिनकाट्याचा जीव. त्याचे पाय डोक्यालाच फुटलेले असतात आणि पोटात शाईची पिशवी असते. आयुष्यभर मी त्याच्याशिवाय दुसरं काही शिजवलं नाही.

धारावीच्या कुंभारवाड्यात चाकावर माझा जन्म झाला. काळाचौकीच्या एका चाळीत राहणाऱ्या मालवणच्या शेवंतीनं मला विकत घेतलं. तिनं मला पेजेत उकळून पक्कं केलं, शेगडीवर चढवलं आणि पहिल्याच दिवशी माझ्यात माकूल टाकलं. मातीचं भांडं मोठं हट्टी असतं. एकदा धरलेला वास ते सोडत नाही. म्हणून मालवणकडच्या बायका माकुलासाठी तवली वेगळी ठेवतात. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी बाकीच्या भांड्यांशेजारी फळीवर बसत होते, एवढं मला पुरे होतं.

मग एके दुपारी शेजारच्या खोलीतली शांता डोकावली. ती साताऱ्याकडची. मासाच तिला नवा, तिथं माकुलाची काय कथा! माझं झाकण उचलून ती खो खो हसत सुटली.

"अगं बया! पाय डोक्याला आन् अंगाचं रबर! हे कसं गं खाता तुमी?"

तिच्या मनात खोट नव्हती. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीत "रबर" हा शब्द फिरला. माकूल म्हणजे बाजारात सगळ्यात शेवटी, स्वस्तात मिळणारा गरिबांचा जिन्नस, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. शेवंतीला ते फार लागलं. त्या दिवसापासून तिनं मला खाटेखाली ढकललं. दार लावून ती माझ्यात शिजवी, घासून पुन्हा खाटेखाली सारी. खाटेखाली अंधार, एक जुनी ट्रंक आणि मी. बोलायला कोणी नाही. तोंड एवढं मोठं असून काय उपयोग?

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे. रस्त्यावरच्या घोषणा मला खाटेखाली ऐकू येत. शेवंतीचा धाकटा भाऊ रघु गिरणीत होता. त्याला मोर्चाला जायचं असे, पण त्याच्या छातीनं दगा दिला. क्षय झाला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "सुया आम्ही देतो. पण अंगात कस यायला हवा. मासे-मटण, अंडी, काहीतरी पोटात जाऊ द्या."

अंडी आणि मटण रोज कुठून आणणार? शेवंतीनं माकूल आणलं. कधी दिवसाआड, कधी रोज. खोबरं-लसणीचं वाटण, कोकमाची चार सोलं, आणि मंद आच. सुया चालूच होत्या, आणि रघु वाटीभर रस पिई, तुकडे चावून खाई. वर्षभरात तो जिना न थांबता चढू लागला. मग एका सभेला शिवाजी पार्कपर्यंत चालत जाऊन आला. मित्रांनो, त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला! पण तो सांगू कोणाला? ट्रंकेला?

दरवर्षी ठाकूरद्वारहून अच्युतराव येत. लोक काय खातात याची सरकारी पाहणी ते करत. हातात तराजू, काखेत तक्ता.

"बोंबील? बांगडा? माकूल?" पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं आणि ते हसून म्हणाले, "आमच्या घरी रविवारी होतं, बाई. जिन्यातच वास आला, म्हणून विचारतोय."

"नाय हो साहेब," शेवंती म्हणाली. "आमच्याकडे तसला काय शिजणा नाय. आमी पापलेट आणतव."

"खरं सांगा हं. लोकांना कशानं पोसलं, ते या तक्त्यावरूनच वर सरकारला कळतं."

"खराच सांगतंय."

माकुलाच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं. चाळीतल्या बाकीच्या घरांनीही, शिजवत असून, तेच सांगितलं. तीन वर्षं तीन शून्यं पडली, आणि त्या तीन वर्षांत बाजार महागला तसं माझ्यात माकूल वाढतच गेलं. कागद एक सांगत होता आणि मी दुसरं.

चौथ्या वर्षी शांताचा नवरा जयवंत खोकू लागला. तोच रोग. दवाखान्यानं शांताला आहाराचा छापील कागद दिला. असल्याच पाहण्यांवरून तो तयार केलेला. त्यावर दूध, अंडी, मटण, पापलेट. माकूल कुठून असणार? शांता तो कागद घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

"शेवंते, तुझा रघु कशानं उठला गं? काय घातलंस त्येला?"

मी खाटेखाली होते. आत रात्रीचं माकूल होतं. सांग, शेवंती, सांग, असं माझा कणन् कण म्हणत होता. शेवंतीनं एकदा खाटेकडे पाहिलं. तिला ते हसू आठवलं असणार.

"पापलेट आणि अंडी," ती म्हणाली. "दुसरा काय?"

शांता मान हलवून निघून गेली. पापलेट तिला कुठलं परवडायला? शिमग्याआधी ती जयवंतला घेऊन गावी गेली.

महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी चाळीत तोरणं लागली होती, पेढे वाटले जात होते. दुपारी शांता एकटीच आली, खोली रिकामी करायला. तिचं कपाळ रिकामं होतं. शेवंतीनं तिला हात धरून घरात आणलं, मला खाटेखालून ओढलं आणि दार सताड उघडं ठेवून तिला जेवायला वाढलं.

शांतानं रश्श्यातल्या तुकड्याचा घास घेतला. "मऊ हाय. काय गं हे?"

"माकूल." शेवंती रडू लागली. "रघु ह्याच्यारच उठलो गो. मी तुका खोटा सांगलंय. तू हसशीत म्हणान."

शांतानं हातातला तुकडा ताटात ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "हसले आस्ते गं. पन त्यास्नी घातलं आस्तं की."



त्या वर्षी अच्युतराव आले तेव्हा शेवंतीनं मला स्वतः उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. "लिवा, साहेब. माकूल." रकान्यात पहिला आकडा पडला. बाकीची चाळ अजूनही "छे" म्हणाली.

आता मी फळीवर असते. चार भांडी शेजारी आहेत, तरी एकटं वाटतंच; चाळीतल्या बाकीच्या तवल्या अजून खाटेखालीच आहेत. मित्रांनो, तुमच्याही घरात खाटेखाली माझ्यासारखं कोणी असेल. त्याला बाहेर काढा, पुसून उजेडात ठेवा. आणि ज्यानं तुमचं माणूस उभं केलं त्याचं नाव दारात आलेल्या शेजारणीला सांगा. ती हसली तर हसू द्या.