सात ब्लॉक खाली

समीक्षाला पसारा खपत नाही. पावस गावातल्या ज्या मेडिकलमध्ये ती काम करते, तिथले मालकसुद्धा गोळ्यांचं पाकीट उलटं ठेवायला बिचकतात. घरी कोथिंबीर निवडली तरी देठांची तोंडं सगळी एकाच बाजूला. आता असल्या बाईच्या हातात लेकीचा लॅपटॉप पडल्यावर दुसरं काय होणार?

शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून ती जेवायला आली, तेव्हा शाळेच्या ग्रुपवर इफ्फत मॅडमचा मेसेज होता. या मॅडम पाचवीच्या पोरांना कोडिंग शिकवतात, ते ठोकळ्यांचं. रंगीत ब्लॉक ओढायचे, एकाखाली एक अडकवायचे, की पडद्यावरचं चित्र चालायला लागतं. सोमवारी प्रदर्शन होतं. ‘मुलांचे प्रोजेक्ट एकदा बघून पाठवावेत,’ एवढंच मॅडमनी लिहिलं होतं. नीटनेटके करा असं त्या बिचारीने कुठे म्हटलं होतं? पण समीक्षाला ते सांगावं लागत नाही.

वेदिका शाळेत होती. समीक्षाने तिचा खेळ उघडला. एक कुर्ली, म्हणजे आपली खेकडी, तिरकी तिरकी चालत पडलेले हापूस गोळा करते, असा तो खेळ. कुर्ली झकास चालत होती. पण बाजूला ब्लॉक लावायची जी जागा असते, तिथली दशा बघून समीक्षाने कपाळाला हात लावला. एक झुपका इथे, एक तिथे, मध्ये भलं मोठं मोकळं रान. एका कोपऱ्यात ‘घर’ लिहिलेला एकटाच ब्लॉक, कशालाच न जोडलेला.

‘‘काय ही पोर!’’ ती स्वतःशीच म्हणाली.

तिने मोकळ्या जागेवर माउसचं उजवं बटण दाबलं, तर यादीत लिहिलेलंच होतं: ‘ब्लॉक नीट लावा’. तिच्यासाठीच ठेवलं असावं जणू. तिने दाबलं. झालं! सगळे ब्लॉक मुकाट्याने एका रांगेत, एकाखाली एक. कुठून तरी लांबून आणखी एक सुटा ब्लॉक आला आणि रांगेत सगळ्यात खाली, ‘घर’च्या पायाशी उभा राहिला. तिने तो वाचलासुद्धा नाही. कुर्ली पहिल्यासारखीच चालतेय ना, हे तेवढं पाहिलं, सेव्ह केलं, मॅडमना पाठवलं, लॅपटॉप बंद केला आणि समाधानाने जेवायला बसली.

साडेपाचला वेदिका आली. हातपाय धुवायच्या आधी तिने लॅपटॉप उघडला.

‘‘आई, पप्पा कुठे गेले?’’

‘‘कामावर गेलेत, आणखी कुठे? दप्तर जागेवर ठेव आधी.’’

‘‘ते नाही. इथले.’’

समीक्षा हात पुसत आली. लेकीचं बोट रांगेतल्या त्या शेवटच्या ब्लॉकवर होतं. त्यावर ‘पप्पा’ लिहिलेलं होतं.

मग सगळं बाहेर आलं. संदेश, म्हणजे वेदिकाचे पप्पा, मोठ्या मालवाहू जहाजावर असतात. ब्राझीलहून लोखंडाची माती भरायची आणि चीनला नेऊन ओतायची, असली ती खेप. निघायच्या आदल्या दिवशी बाप-लेक लॅपटॉपला डोकं लावून बसले होते. संदेशने ‘घर’ ब्लॉक आपल्या हाताने एका जागी ठेवला आणि म्हणाला, हे आपलं पावस. बाकीची मोकळी जागा म्हणजे समुद्र. एक ब्लॉक म्हणजे जहाजाचा एक दिवस. हे सुटे ब्लॉक खेळात काहीच करत नाहीत, त्यामुळे कुर्लीलाही अडचण नाही. दर रविवारी तो दोन वाक्यांचा निरोप पाठवायचा: आहे तिथून सहा उजवीकडे, एक वर. आणि वेदिका ‘पप्पा’ला तेवढं सरकवायची.

‘‘मग आहे तिथे परत ठेव ना.’’

‘‘आहे तिथे म्हणजे कुठे? ते मला कुठे माहितेय? मी नुसती सरकवत होते!’’ वेदिकाने मागे जायचं बटण दहादा दाबून पाहिलं. लॅपटॉप मधे बंद झालेला, मागचं काही राहिलेलंच नव्हतं. ‘‘आता पप्पा कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही,’’ असं म्हणून तिने भोकाड पसरलं.

समीक्षा ‘‘अगं, असं काय करतेस’’ म्हणायला गेली आणि थांबली. पोर खरंच बोलत होती. नवरा जगाच्या पाठीवर कुठे आहे, हे तिला स्वतःला माहीत नव्हतं. तो गेल्यापासून पाच महिने नव्हतं. लग्न झाल्या वर्षी संदेशने हौसेने सांगितलं होतं, आता आम्ही समुद्री चाच्यांच्या भागातून चाललोय, आणि ती पंधरा दिवस झोपली नव्हती. तेव्हापासून तिने तो प्रश्नच बंद करून टाकला. जेवलात का? तब्येत बरी? कधी येणार? बारा वर्षं हे तीनच प्रश्न, एका रांगेत. कुठे आहात, हे विचारलं की मधलं पाणी दिसायचं. ते तिला बघायचं नव्हतं.

रडून रडून वेदिका न जेवता झोपली. समीक्षाने फोन उचलला आणि बोलून निरोप पाठवायचं बटण दाबलं.

‘‘अहो,’’ ती म्हणाली. ‘‘अहो, तुम्ही कुठे आहात? म्हणजे, नक्की कुठे? माझ्या हातून तुमचा ब्लॉक हलला. पोरगी रडून रडून झोपली. आणि मलासुद्धा कळू दे.’’

निरोपावर एकच खूण राहिली, म्हणजे तो पोचलाच नव्हता. जहाजावर नेट कधी असतं, कधी नसतं. शनिवारी सकाळी भाकऱ्या थापतानाही ती पिठाच्या हाताने फोन बघत होती. दहा वाजता उत्तर आलं. मागे इंजिनाची घरघर.

‘‘समी, तू विचारलंस? खरंच तू? ऐक. मॉरिशस मागे टाकून चार दिवस झाले. आज आम्ही पावसच्या सरळ खाली आहोत. अगदी नाकासमोर खाली. इथून सुकाणू वर वळवलं तर सातव्या दिवशी घरी. पण आम्हाला जायचंय उजवीकडे. या खेपेला यापेक्षा जवळ मी येणार नाही. उद्यापासून लांबच. सकाळपासून मी तिकडेच तोंड करून उभा होतो, आणि तुझा आवाज आला.’’

समीक्षाने तो निरोप तीनदा ऐकला. भाकरी तव्यावर काळी झाली. तिला तो हवा होता. आत्ता, इथे, या पाटावर, ओल्या केसांनी, ‘‘करपलं गं’’ म्हणून चिडवणारा. बाकी काही नको होतं.

तिने वेदिकाला हाक मारून निरोप सांगितला. दोघी लॅपटॉपसमोर बसल्या. रांग अजून तशीच होती. वर ‘घर’, खाली ‘पप्पा’.

‘‘सरळ खाली म्हणाले?’’ वेदिकाचे डोळे चमकले. ‘‘मग बरोबरच आहे की! फक्त अंतर चुकलंय.’’

‘‘सात,’’ समीक्षा म्हणाली.

‘‘तू हलवलंस, आता तूच लाव.’’

समीक्षाने माउस हातात घेतला. बारा वर्षं ती त्याला दारातून निरोप द्यायची आणि आत वळायची. हातखंब्याला बस पकडायला जाणारी त्याची पाठ तिने एकदाही शेवटपर्यंत बघितली नव्हती. तिने ‘पप्पा’वर बोट दाबलं आणि घराच्या पायाशी उभ्या राहिलेल्या त्या ब्लॉकला खाली ओढलं. एक. दोन. तीन. ब्लॉक पडद्याच्या कडेला आला. वर ‘घर’ एकटं दिसत होतं. तिचा हात तिथेच थांबला. इतकं लांब पुरे, असं तिला वाटलं. निदान दोघं एका नजरेत मावत होते.

वेदिकाने तिच्या हातावर आपला हात ठेवला.

‘‘आई, अजून चार.’’