फक्कीची रेघ

बेसबॉलच्या मैदानावर तिसऱ्या बेसपासून होम प्लेटपर्यंतची पांढऱ्या फक्कीची रेघ, धावणाऱ्या मुलीच्या दर पावलाला बरोबर एका पावलाने वाढत होती. पद्मजा बऱ्हाटेंनी टेप लावून दोनदा मोजली. सकाळी नव्वद फूट होती, आता चारशे दहा. रेघ मधल्या भागात वाढे, आणि उघडा पडलेला तेवढा तुकडा मैदान सांभाळणारे सुपडूबाबा डब्यातल्या फक्कीने भरून काढत.

पद्मजा अंपायर होत्या. खेळ थांबवायचा तर दोन्ही हात वर करून ‘टाइम’ म्हणायचं, एवढंच. पण होम प्लेटकडे फेकलेला चेंडू अजून हवेत होता. तोही पोचत नव्हता. चेंडू खेळात असताना थांबवायचं नाही. खेळाडूला जबर लागलं असेल, तरच.

घाई त्यांना एकदा भोवली होती. वीस वर्षांपूर्वी याच रेघेवर एक मुलगी कोसळली. त्यांनी ‘टाइम’ म्हटलं आणि ती लगेच उठली. तिची धाव गेली, पाठोपाठ संघातली जागाही गेली. ती मालती आज कुंपणाशी जेवणाचा डबा घेऊन बसली होती. धावत होती ती तिची लेक, ऋजुता.

पद्मजा चालत ऋजुताच्या शेजारी गेल्या. चालणाऱ्यांसाठी रेघ वाढत नसे.

“लागलंय कुठे?”

“नाही, मॅडम.”

“दम?”

“पोचते. आई म्हणालीच होती, ह्या मॅडमना थांबवायची फार घाई.”

ऋजुताची वेणी रिबिनीपर्यंत पांढरी झाली होती. गाल बसले होते. बुटांचे तळ केव्हाच झिजून गेले होते. नियमात यातलं काहीच जखमेत धरत नाहीत.

पद्मजा कुंपणाशी आल्या. मालतीने डबा गार झाल्याचं सांगितलं. मग मैदानाकडे बघत, ही माझ्यापेक्षा थोरली कधी झाली, असं सहज विचारलं.

“थांबवू का?” पद्मजा म्हणाल्या.

“मला काय विचारता? तेव्हा विचारलं होतंत?”

रेघेवर सुपडूबाबांनी डबा पालथा करून बुडावर थाप मारली. शेवटची चिमूट पडली.

“मॅडम, फक्की संपली.”

पुढे नुसती माती होती. ऋजुताचं पाऊल तिच्यावर उचललेलं होतं. चेंडू होता तिथेच होता.

पद्मजांनी दोन्ही हात वर केले.

“टाइम,” त्या म्हणाल्या.