वरच्या खोलीत कोण राहतं

पोर्तुगालमध्ये नोकरी करणारा देवानंद तिथंच घर विकत घेणार होता. दुसऱ्या दिवशी सही करायची होती. त्याची बायको रेणुका उंद्रीहून व्हिडिओ कॉलवर घर पाहत होती. देवानंद अंगणात आला तशी ती म्हणाली, "अहो, वरची खोली राह्यली."

"बंद हाय ते. एजंट म्हणते, अडगळ हाय."

"मंग तिच्या खिडकीत ओले कपडे काऊन वाळून राह्यले?"

देवानंदनं वर पाहिलं. सोबत घर दाखवायला आलेला एजंट घाईनं म्हणाला, "चला, उशीर होतोय." देवानंद मात्र जिना चढला आणि त्यानं दार वाजवलं. बऱ्याच वेळानं कडी सरकली. दारात काठी टेकलेली एक म्हातारी उभी होती.

"घर मुलाचं आहे, तो विकेल," ती दार अर्धवट लोटून धरत पोर्तुगीजमध्ये म्हणाली. "पण मरेपर्यंत इथं राहायचा हक्क माझा आहे. नवा मालकही मला काढू शकत नाही."

देवानंदनं ते रेणुकाला मराठीत सांगितलं. एजंटनं नजर चुकवली.

"तिले सांगा, भिऊ नका म्हणा," रेणुका म्हणाली. "आपल्याले नाही पाहिजे हे घर."

देवानंदनं सही केली नाही. पुढचं घर पाहायला गेला, तेव्हा तो आधी शेजाऱ्यांना भेटला.