चारही कोपरे

मित्रांनो, वाशीम जिल्ह्याच्या आरोग्याचा कणा मीच आहे. माझ्याशिवाय आमच्या सरकारी रुग्णालयातली एकही गोळी रुग्णाच्या हातात पडत नाही. हे मी आणखी ठासून सांगितलं असतं. पण मी एक जुनी कात्री आहे, औषधखिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली, आणि सुतळी हातभरच आहे. रुग्णालयाचं नाव विचारू नका. सांगितलं, तर कात्रीचीही बदली होते.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. रिसोडच्या बाजारात टांगलेली असताना मला वाटायचं, आपल्याला एखादा शिंपी नेईल, आपण पोलकी बेतू, परकर कापू. नेलं एका शिपायानं, सरकारी पावतीवर. पहिल्याच दिवशी रत्नमालाताईंनी मला गोळ्यांच्या पट्टीवर चालवलं. कापडासाठी घडलेल्या कात्रीला चंदेरी पत्रा कापायला लावला की तिची धार जाते. माझी धार गेली, नोकरी राहिली. सरकारी खात्यात हे चालतं.

रत्नमालाताई आमच्या औषधनिर्मात्या. पदाच्या नावात निर्मिती असली, तरी काम कापाकापीचं होतं. डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध लिहिलं आणि कपाटात तीन दिवसांचंच असलं, की मी तीनवर कापायची. पट्टीचे तुकडे व्हायचे. एकाच्या वाट्याला औषधाचं नाव यायचं, दुसऱ्याच्या वाट्याला मुदतीची तारीख, आणि मधल्याला नुसत्या गोळ्या.

खिडकीसमोरच्या बऱ्याच बायांना वाचता येत नव्हतं. तोंडी सांगितलेलं फाटकापर्यंतच टिकायचं. म्हणून ताईंनी एक युक्ती काढली. गोळी सकाळी एकदाच घ्यायची असेल, तर पट्टीचा एक कोपरा कापायचा. सकाळ-संध्याकाळ असेल, तर दोन. "जितके कोपरे, तितके टाइम," त्या प्रत्येकीला सांगायच्या. मग वाचायला डोळे लागत नव्हते, अंगठा पुरत होता. मित्रांनो, त्या दिवसांत मी शिंप्याला पार विसरले होते.

ही युक्ती सगळ्यांत आधी जमली ती गोमतीबाईंना. त्यांना साखरेची बिमारी होती आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा बादल आणि सून चंदा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. मग वस्तीवर म्हातारी एकटी. साखरेची एकच गोळी, सकाळच्या भाकरीआधी. त्या खिडकीशीच पट्टीवर अंगठा फिरवून बघायच्या.

"एकच हाय ना व माय? वाढला नाही ना?"

"एकच आहे, आजी. तुमची साखर शहाणी आहे."

"मंग माह्यापेक्षा तेच बरी."

पुढे ताईंची मालेगावला बदली झाली. त्यांनीच मागितली होती. चार्ज देताना एकूण एक बाटली मोजली गेली. 'कात्री, जुनी' म्हणून मीही मोजली गेले. कापलेल्या कोपऱ्यांसाठी मात्र रकाना नव्हता, त्यामुळे ते कोणी कोणाच्या ताब्यात दिले नाहीत.

ताईंच्या जागी संघपाल आले. नम्र, टापटिपीचा माणूस. त्यांच्या पाठोपाठ आलं मूल्यमापनाचं पथक. डॉक्टर लिहितात ती औषधं गरजेची असतात का आणि खिडकीतून ती नीट दिली जातात का, हे तपासणं त्याचं काम. पथकाच्या प्रमुख वैभवी मॅडम. त्यांनी आमच्या डॉक्टरांना खिडकीशीच गाठलं.

"साध्या सर्दीला अँटिबायोटिक का लिहिलंय?"

"मॅडम, नुसतं गरम पाणी प्या म्हटलं, तर लोक म्हणतात, ह्या डॉक्टरले काही येत नाही. मंग चौकात जाऊन कोणाकडूनही सुई टोचून घेतात."

"आणि ही ताकदीची गोळी?"

"अँटिबायोटिकनं थकवा येतो ना."

"आणि ही पित्ताची?"

"एवढ्या गोळ्या खाल्ल्यावर पित्त होणारच, मॅडम."

मग त्या आमच्याकडे वळल्या. पट्टीच्या प्रत्येक तुकड्यावर औषधाचं नाव राहिलं पाहिजे, पाकिटावर स्वच्छ अक्षरात सूचना लिहिली पाहिजे. त्यांचं काहीच चुकलं नाही. इतक्यात बाकावरच्या एकानं पट्टीचा कोपरा टोचलेलं बोट दाखवलं.

"कोपरे गोल कापून देत जा," मॅडम म्हणाल्या. "कोणाला टोचणार नाही."

संघपालांनी सगळं मनावर घेतलं. नाव राखून तुकडे करायचे, पाकिटावर मोत्यासारख्या अक्षरात लिहायचं, आणि शेवटी मला हळूच फिरवून पट्टीचे चारही कोपरे कापायचे. इतक्या मायेनं मला आजवर कोणी चालवलं नव्हतं. बाकीच्यांच्या घरी कोणी ना कोणी पाकीट वाचणारं होतं. कोणालाच काही झालं नाही.

दिवाळीनंतर गोमतीबाई आल्या. बादल आणि चंदा उसाच्या फडावर गेले होते.

"आजी, कशी घ्यायची माहीत आहे ना?" संघपालांनी विचारलं. "पाकिटावर लिहिलंय बरं का."

"मालूम हाय बाप्पा. किती वरसं झाले घेऊन राह्यली."

त्यांनी पट्ट्या बाहेर काढल्या. रिकामं पाकीट खिडकीच्या फळीवरच राहिलं. मग त्यांचा अंगठा निघाला. एक कोपरा. दुसरा. तिसरा. चौथा. त्यांनी दुसरी पट्टी चाचपली, परत पहिली घेतली. खिडकीकडे वळल्या, तर मागच्यांनी त्यांना केव्हाच बाजूला केलं होतं. त्या बाकावर जाऊन बसल्या.

"काय झालं व बुढे?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"बिमारी लय वाढली वाटते माही," त्या म्हणाल्या, आणि पट्ट्या पदरात बांधू लागल्या.

सुधारणा बघायला पथक नेमकं त्याच दिवशी परत आलं होतं. वैभवी मॅडम बाकावरच्यांना एकेक करून प्रश्न विचारत होत्या. गोमतीबाईंची पाळी आली.

"आजी, ही गोळी दिवसातून किती वेळा घ्यायची, सांगता येईल?"

"चार येळ."

जराही अडखळल्या नाहीत. मॅडमनी हातातल्या टॅबवर बोट टेकवलं.

"छान, आजी."

"छान कायचं माय. जीप सुटून राह्यली," म्हणत त्या उठल्या.

बाक माझ्यापासून दोन हातांवर आहे. सुतळीचं मी तुम्हाला आधीच सांगितलं.

थोड्याच दिवसांनी त्यांच्या शेजारचे भाऊसिंग खिडकीशी आले. त्यांनी एक अर्धी पट्टी फळीवर ठेवली.

"हे परत घेता का, साहेब? कोणाच्या तरी कामी येतीन."

"कोणाच्या आहेत?"

"गोमतीबुढीच्या. गेली ते. घामानं चिंब व्हाये, हात थरथर करत. आमी म्हटलं, दवाखान्यात चाल. तर म्हणे, कायले? औषध टायमावर चालू हाय, चारही कोपरे घेऊन राह्यली."

"कोणते कोपरे?" संघपालांनी विचारलं.

"तुमाले नाही मालूम? जितके कोपरे, तितके टाइम. साऱ्या वस्तीले मालूम हाय."

संघपालांनी ती अर्धी पट्टी उचलली. चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. साखरेची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली की रक्तातली साखर उतरत जाते. घाम सुटतो, हात कापतात, मग माणूस उठत नाही. हे त्यांना पाठ होतं. गोमतीबाईंना नव्हतं. थरथर वाढली तशी त्यांनी एकही वेळ चुकू दिली नसणार. औषधाच्या बाबतीत त्या फार नेमाच्या होत्या.

भाऊसिंग गेल्यावर संघपालांनी मालेगावला फोन लावला. जे झालं ते सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मला हात लावला नाही, पट्ट्या हातानंच तोडल्या. तोडलेले कोपरे वेडेवाकडे होते आणि टोचत होते.

मित्रांनो, माझी धार मागून मिळणार नाही. ती मी मागतही नाही. एवढंच करा. औषध देताना 'माहीत आहे ना?' असं विचारू नका. 'कशी घेणार, ते मला सांगा,' असं विचारा, आणि उत्तर आलं की ते बरोबर आहे का, तेही बघा. घरी म्हातारं माणूस असेल, तर त्याची पट्टी एकदा आपल्या हातात घ्या. आणि जागा सोडून जाणार असाल, तर बाटल्यांबरोबर आपल्या सवयीही मोजून द्या.

मागच्या आठवड्यात पथकाचा अहवाल आला. 'रुग्णाला औषधाची मात्रा सांगता आली का?' या प्रश्नात आमच्या रुग्णालयाला पैकीच्या पैकी गुण आहेत.