अर्जासाठी की घरासाठी

गल्लीत त्याला सगळे हनुवटीकाका म्हणत. समोरच्या स्टुलावर कुणीही बसो, कॅमेऱ्यामागून याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हनुवटी जरा खाली." स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. मागे पांढरा पडदा, बाजूला छत्र्या लावलेले दोन दिवे, आरशाखाली निम्मे दात पडलेला कंगवा आणि कोपऱ्यात संगणक. रस्त्यापलीकडे सरकारी कचेऱ्या होत्या, त्यामुळे पासपोर्ट फोटोच्या धंद्याला मरण नव्हतं.

इतर गिऱ्हाइकांना तो विचारायचा, "किती कॉप्या?" खालच्या वस्तीतल्या माणसांना मात्र त्याचा प्रश्न वेगळा असायचा. "अर्जासाठी की घरासाठी?"

खालच्या वस्तीतल्या लोकांचे खापरपणजोबा खाणीत राबायला समुद्रापलीकडून आणलेले. खाण कधीच बंद पडली. चार पिढ्या इथेच जन्मल्या, इथलीच भाषा बोलत म्हाताऱ्या झाल्या. तरी तो काळा रंग आणि दाट कुरळे केस दिसले की गावाच्या लेखी ते 'बाहेरचे'. त्यांनी खोली विचारली की ती नुकतीच भाड्याने गेलेली असायची, आणि नोकरी विचारली की ती कालच भरलेली.

हनुवटीकाका गावातला, गव्हाळ रंगाचा. त्याला आयुष्यात कुठल्या दारावर कुणी अडवलं नव्हतं. पण मनाने माणूस चांगला. त्याच्या उस्तादाने त्याला एक रीत शिकवली होती. या लोकांचा घरात लावायचा फोटो आहे तसा द्यायचा, अर्जाचा फोटो एक पायरी उजळायचा. "टेबलामागचा माणूस आधी फोटो बघतो, मग मार्क," उस्ताद म्हणायचा. आधी हे काम डार्करूममध्ये चालायचं, मग संगणक आला आणि रंगाची पट्टी एक घर उजवीकडे सरकवली की झालं. तीस वर्षं त्याने ही सेवा बिनबोभाट केली. लोक दुवा द्यायचे, आणि आपण पुण्य जोडतोय अशी त्याचीही समजूत.

खालच्या वस्तीतला वेल्डर त्याचा जुना दोस्त. वेल्डरची कारखान्यातली नोकरीही अशाच एका पायरीवर लागलेली, निदान दोघांचं तसं ठाम मत होतं. एके दिवशी दुपारी वेल्डर आपल्या मोठ्या मुलीला घेऊन आला.

"काका, हिचा नर्सिंगच्या परीक्षेचा फॉर्म भरायचाय. यंदा शेवटची संधी. पुढच्या वर्षी वय उलटतं."

मुलीची चार वर्षं आईच्या आजारपणात गेली होती. आईला सुई कशी टोचायची, कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे सगळं ती घरातच शिकली. आई गेली, पण हात तयार झाले. आता त्या हातांना शिक्का हवा होता.

ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काका, आहे तसा काढा."

"अगं, तुला कळत नाही," हनुवटीकाका हसला. "तू पेपर लिही, बाकीचं माझ्यावर सोड."

"काढू दे गं त्यांना," वेल्डर म्हणाला. "मोठ्या माणसांचं ऐकावं."

तिने हनुवटी खाली घेतली. फोटो निघाला.

ते दोघं गेल्यावर हनुवटीकाका संगणकापुढे बसला. पट्टी एक घर सरकवली. मग त्याला वाटलं, पोरीची शेवटची संधी, आईही गेलेली, इथे हात आखडता कशाला? आजवर कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. पट्टी आणखी एक घर सरकवली. गाल गव्हाळ झाले, नाकाच्या बाजूची सावली गेली. मग केसही जरा चापून बसवले. पोरगी झकास दिसत होती. फक्त ती वेल्डरची पोरगी दिसत नव्हती, आणि हे त्याच्या लक्षात आलं नाही.

हॉलतिकीट आलं त्या दिवशी वेल्डरने गल्लीभर चहा पाजला.

परीक्षा सकाळी दहाला होती. बाराच्या सुमाराला मुलगी स्टुडिओत आली. एवढ्यात पेपर सुटला कसा, असं हनुवटीकाका विचारणार, तोच तिने हॉलतिकीट काउंटरवर ठेवलं.

"दारावरच्या माणसाने हे बघितलं, मला बघितलं. म्हणाला, ही तू नव्हेस."

"मग ओळखपत्र दाखवायचं ना!"

"दाखवलं. तो फोटो सरकारी कॅमेऱ्यातला, माझ्यासारखाच आलाय. तर म्हणे, ओळखपत्र तुझं आहे, पण हॉलतिकीट दुसरीचं. एका खोलीत बसवून ठेवलं. माझ्या पुढच्या मुलाच्या फोटोत ही एवढी दाढी होती, आणि आला होता तुळतुळीत होऊन. त्याला म्हणाले, दाढीच बरी होती रे, जा आत." ती थांबली. "बाबांनी येऊन माझीच मुलगी म्हणून सांगितलं, तेव्हा साडेअकरा वाजलेले. दार बंद झालं होतं."

हनुवटीकाकाने वाकून हॉलतिकिटावरचा फोटो पाहिला.

"मी म्हटलं होतं ना काका, आहे तसा काढा?"

तिने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ती रागावलीही नाही, हॉलतिकीट उचलून निघून गेली.

बैल गेला आणि झोपा केला, तसा दुसऱ्या दिवशी हनुवटीकाका परीक्षेच्या कचेरीत हजर. खिशात मूळ फोटो आणि कबुलीचं पत्र. तिथल्या अधिकारी बाई सभ्य होत्या. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले.

"हे पत्र तुम्ही दिलंत, तर फोटोत फेरफार केला म्हणून तिच्यावरच कारवाई होईल. ते परत न्या. पेपर काही परत होत नाही."

"बाई, एक सांगा. हा मूळ फोटो लावला असता तर अर्ज पुढे गेला असता का?"

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"तसा अर्ज खालच्या वस्तीतून आमच्याकडे आलेलाच नाही," त्या म्हणाल्या. "तिकडचे सगळे फोटो उजळच येतात."

परत येताना त्याला रस्ता दिसत नव्हता. तीस वर्षांत त्याने त्या वस्तीतल्या एकाही माणसाला स्वतःचा चेहरा घेऊन त्या टेबलापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. टेबलामागच्या माणसाला कधी कुणाला नाही म्हणायची वेळच आली नाही, लाजायचीही आली नाही. त्याच्या वाटणीचं काम हनुवटीकाकाच करत बसला होता, आणि वर दुवा घेत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

वेल्डर महिनाभर चहाला आला नाही. बोलावलं तर म्हणायचा, "काम आहे." मग एका सकाळी मुलगी एकटीच आली आणि स्टुलावर बसली.

तीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, "अर्जासाठी की घरासाठी?"

"गेटपाससाठी," ती म्हणाली. "मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात लागलेय. चादरी धुवायच्या."

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. हनुवटीबद्दल तो काहीच बोलला नाही.

"कामावर घेताना कुणी काही विचारलं?"

"नाही काका. फॉर्मसुद्धा नीट बघितला नाही." ती सरळ कॅमेऱ्यात बघत होती. "फोटो आहे तसाच द्या. धुलाईखान्याच्या दारावर मला कुणी कधीच अडवलं नसतं."

त्याने पट्टीला हात लावला नाही. मशीनमधून फोटो बाहेर आले, तसे ते कापून त्याने पाकिटात घातले.